जव घशाला टोचतात, खीर चिकट होते. मग जुने लोक ते खात कसे?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका जोडप्याने घटस्थापनेसाठी पूजेच्या दुकानातून आणलेले आणि उरलेले जव गिरणीतून दळून आणले. भाकरी थापताना चिरली आणि खाताना घशाला टोचली. मग किराणा दुकानातली पांढरी बार्ली आणून कुकरला खीर लावली, तर तिचा चिकट गोळा झाला. वेदकाळात लोक यवागू, सक्तू, करंभ, अपूप खात असं त्यांनी वाचलं आहे. येत्या अक्षय तृतीयेला चाळीसेक माणसांना तसं जेवण घालायचं त्यांच्या मनात आहे. ते विचारतात, हे पदार्थ खरोखर खाण्यासारखे होते का, आणि आज करायचे तर कसे?

मी कोल्हापुरात भाजण्या, सातूची पिठं आणि सडीव खपली करून देते. उत्सवाच्या काहिलीतल्या खिरीही पुष्कळ केल्यात. तेव्हा आधी एकच गोष्ट सांगते. जवाचा सगळा जुना स्वयंपाक टरफलाभोवती फिरतो. टरफलाची वाट लावल्याशिवाय जवाला पाणी दाखवायचं नाही. तुमची भाकरी तिथंच फसली.

जोंधळा खळ्यावर मळला की दाणा मोकळा होऊन पडतो. तो दळला की त्याच दिवशी भाकरी. खपली गहू मळला तरी टरफलातच राहतो, पण ते टरफल दाण्याला चिकटलेलं नसतं. सडलं, पाखडलं की स्वच्छ गहू हातात येतो. जवाचं तसं नाही. त्याचं टरफल दाण्यालाच घट्ट चिकटून वाढतं. वजनात ते साधारण दहावा हिस्सा असतं, पण गिरणीत त्याचे सुईसारखे तुकडे होतात आणि तेच घशाला लागतात. सुट्या टरफलाचे, उघड्या दाण्याचे जवही आहेत. लडाखमध्ये पिकतात ते बहुतेक तसेच, म्हणून तिथं भाजून दळलं की काम झालं. आपल्या बाजारात येणारे जव राजस्थान, उत्तर प्रदेश या बाजूचे आणि टरफलाचेच.

दख्खनला जव परका आहे असं मात्र समजू नका. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकरी वस्ती, आणि तिथलं मुख्य धान्य जव होतं. पुढे आपल्याकडे आफ्रिकेतून आलेल्या जोंधळ्याने जवाची जागा घेतली. याची कारणं अभ्यासक पावसात आणि जमिनीत शोधतात, ते बरोबरच असेल. पण रोज कांडायला बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं तर तिने टरफलाचं कारण पहिलं सांगितलं असतं, असं मला वाटतं. मुसळ न उचलता दाणा मिळत असेल तर जव कोण कांडत बसेल?

आता वेदांतल्या पदार्थांकडे बघा. धाना म्हणजे भाजलेले जव. सक्तू म्हणजे ते भाजलेले जव दळून केलेलं पीठ, आपला सातू. करंभ म्हणजे ते पीठ दह्यात कालवलेलं; पूषन देवाला करंभ खाणारा असंच म्हटलंय. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात इंद्राला सकाळच्या वेळी धाना, करंभ आणि अपूप एकाच ओळीत वाढलेत. या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती दहाव्या मंडलातली उपमा: चाळणीने सक्तू चाळून घ्यावेत तशी शहाण्यांनी वाणी निवडून घेतली. कवीला नेमका सक्तू आणि चाळणीच आठवावी याचा अर्थ घरोघरी ते काम चालू होतं. भाजणं आणि चाळणं या दोन गोष्टी या सगळ्या स्वयंपाकाचा पाया आहेत, आणि त्याच तुमच्याकडून राहिल्या.

खरेदीपासून सुरुवात करू. पूजेच्या दुकानातले जव खाऊ नका. ते पेरणीसाठी असतात, निवडलेले नसतात आणि बियाण्याला औषध लावलेलं आहे की नाही ते दुकानदारालाही सांगता येत नाही. लक्ष्मीपुरीत धान्याच्या ठोक दुकानांत खाण्याचे जव मागवून मिळतात. मागताना ‘जव, सातूचे’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर जवस पुढ्यात येतं. दाणा टोकाला निमुळता, गवती पिवळा आणि वरून सुरकुतलेला दिसला तर तो टरफलाचा. पांढरा, गोल, मधोमध तपकिरी रेघ असलेला दाणा म्हणजे घासून पॉलिश केलेली बार्ली. टरफलाबरोबर तिचा कोंडाही गेलेला असतो. आजाऱ्याच्या पाण्याला ती चांगली, पण जुन्या पदार्थांना तिचा काही उपयोग नाही. त्यांची चव भाजलेल्या कोंड्यात असते. टरफल काढलेले पण पॉलिश न केलेले जव मिळाले तर डोळे झाकून घ्या. भाव जास्त पडेल, पण निम्मे कष्ट वाचतील.

टरफलाचेच मिळाले तर ते सडावे लागतील. खपली आपण सडतो तसंच, फक्त धीर जास्त लागतो. जव निवडून, त्यांवर पाण्याचा हात मारून ओल्या फडक्यात अर्धा तास बांधून ठेवा. दाण्याच्या आत पाणी शिरू द्यायचं नाही, वरचं टरफल तेवढं नरम व्हायला हवं. मग उखळात लाकडी मुसळाने कांडा. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी असेल तर दाणा फुटतो, म्हणून हात हलका हवा. उखळ नसेल तर मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून, क्षण-दोन क्षण फिरवून थांबत, असं करता येतं. पाती बोथट असतील तर उत्तमच. नंतर उन्हात खडखडीत वाळवा, सुपात पाखडा, पुन्हा एकदा कांडा, पुन्हा पाखडा. इतकं करूनही जव तांदळासारखे लख्ख होणार नाहीत. थोडं टरफल राहतंच. ते पुढे भाजण्यात आणि चाळण्यात जातं.

भाजणं हा या सगळ्यातला खरा कसबाचा भाग. सडलेल्या जवांवर पुन्हा पाणी शिंपडून ते तीन-चार तास झाकून ठेवा, मग जाड बुडाच्या लोखंडी कढईत मूठमूठ घेऊन मध्यम आचेवर भाजा. ओल्या दाण्यात वाफ कोंडते, दाणा फुगतो, टरफल तडकून सुटं होतं. कोरडे जव भाजले तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. मग सातू पोटात जड पडतो आणि पिठाला कच्चट वास येतो. कढईत जाड वाळू तापवून त्यात जव टाकले तर भाजणं फार एकसारखं होतं. चिरमुऱ्याच्या भट्टीवर हेच करतात. भडंगाच्या आपल्या मुलखात अशा भट्ट्या अजून आहेत, आणि ओळख काढून गेलात तर हंगाम नसताना पाच किलो जव भाजून देणारा भट्टीवाला भेटतो. दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला आणि आतून पिठूळ पांढरा दिसला की थांबा. आतून तपकिरी दिसला तर पीठ कडवट होणार.

भाजलेले जव गार झाल्यावर चुरडून पाखडा, मगच दळा. गिरणीवाल्याला डाळीचं किंवा मसाल्याचं दळण झाल्यावर लगेच टाकू देऊ नका. जोंधळ्यानंतर लावायला सांगा. घरी आणल्यावर मैद्याच्या चाळणीने एकदा आणि पातळ सुती फडक्यातून एकदा, असं दोनदा चाळा. चाळणीवर राहतं ते गाईला घाला.

हे झालं की निम्मा स्वयंपाक झाला, कारण सातू शिजवावा लागत नाही. तो आधीच भाजून शिजलेला असतो. वाटसरूची, सैनिकाची शिदोरी म्हणून तो इतका टिकला तो यामुळेच. आपल्याकडे सातूच्या पिठात गहू आणि डाळं घालतात. माझं प्रमाण जव दोन वाट्या, गहू एक वाटी, फुटाण्याचं डाळं एक वाटी, वरून सुंठ आणि वेलदोडा. निव्वळ जवाचा सातू ऐतिहासिक म्हणून एकदा करा, पण चाळीस पाहुण्यांपुढे मिश्र सातूच ठेवा. नुसता जव जिभेला रुक्ष लागतो. चरकानेही जवाला रूक्ष आणि शीत म्हटलंय, आणि पहिला घोट घेतल्यावर हा शब्द पटतो.

करंभासाठी चार चमचे सातूला वाटीभर घट्ट गोड दही. कालवून दहा मिनिटं ठेवा. पीठ फुगतं आणि दही अंगाला लागतं. मीठ आणि जरा सुंठ घातली तर उन्हाळ्यातल्या दुपारी याच्यासारखं दुसरं काही नाही. गूळ घालून लहान मुलं आवडीने खातात.

यवागूबद्दल, म्हणजे जवाच्या पेजेबद्दल, थोडं जास्त लिहिते, कारण ती बहुतेक ठिकाणी नासलेली बघितली आहे. मध्ययुगातल्या शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या एका ग्रंथात, पाण्याची मापं दिलीत: विलेपीला (दाट पेजेला) चौपट, यवागूला सहापट, मंडाला (वरच्या निवळीला) चौदापट. नाव यव म्हणजे जव यावरून आलं तरी तोवर यवागू तांदळाचीही होऊ लागली होती, म्हणून हे माप जवाला तंतोतंत बसत नाही. जवात बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि पेज गार होताना घट्ट करत नेतो. तुमच्या खिरीचा गोळा झाला त्याचं मुख्य कारण तेच. पॉलिश बार्लीत बाहेरचा कोंडा नसतो, त्यामुळे तंतू आणि पिठूळ भाग मोकळेपणी पाण्यात उतरतात, आणि कुकरच्या दाबाखाली दाणा फुटून सगळं एकजीव होतं.

यवागूला म्हणून कण्या काढा. जोंधळ्याच्या कण्या आपल्या आज्या जात्यावर काढत, तशाच. सडलेले जव तुपाच्या हातावर कोरडे परतून घ्या, मग भरड काढा. पीठ चाळून बाजूला ठेवा. पीठ राहिलं तर यवागूची खळ होते. कण्या धुऊन उकळत्या पाण्यात सोडा, वजनाच्या सहापट पाण्यापासून सुरुवात करा आणि शेजारच्या चुलीवर आधणाचं पातेलं ठेवा. पाऊण तास मंद आचेवर, मधून हलवत शिजवा. दाट होत आली की आधणाचं पाणी वाढवत जा, गार कधीच नाही. खाली उतरवल्यावर, हाताला सोसेल इतकी निवल्यावरच ताक घाला, नाहीतर फुटतं. तुपात जिरं आणि हिंग तडतडवून वर घाला. ओढ्यावरच्या यल्लम्मेच्या आंबील यात्रेला जोंधळ्याच्या पिठाची आंबील ज्यांनी नैवेद्याला केली आहे त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. धान्य बदललं, हात तोच राहिला. म्हणून मी संस्कृत पोथ्यांच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायला सांगते. कण्या, आंबील, हुलग्याचं माडगं, कुरडईचा चीक, भोगीचा राळ्याचा भात, नागपंचमीच्या लाह्या ही सगळी भरड आणि अख्ख्या धान्याची विद्या त्यांच्या हातात आहे.

भाकरीचं थोडक्यात. जवाचं पीठ एक भाग आणि शाळूचं दोन भाग घ्या. जवात ग्लूटेन असतं, पण गव्हासारखी ताण धरणारी कणीक त्यातून होत नाही, आणि शाळूत तर ते नसतंच. म्हणून उकळतं पाणी घालून, झाकून, कोमट झाल्यावर चांगलं मळा. जाडच थापा. तव्यावर पाण्याचा हात फिरवायला विसरू नका. भाकरी गरम असताना गोडसर आणि खमंग लागते. गार झाल्यावर ती चामट होते आणि मग तिला कोणी वाचवू शकत नाही. चाळीस पानांना म्हणूनच भाकरी ठेवू नका.

अपूप म्हणजे नक्की कसा, यावर खूप बोललं जातं. अनारसा, मालपुवा, घारगा, प्रत्येकाला आपला पदार्थ वेदातला वाटतो. ऋग्वेदात तुपाने माखलेला अपूप आहे एवढं पक्कं. मी करते तो असा: न भाजलेल्या जवाचं दोनदा चाळलेलं पीठ चार भाग, गव्हाचं पीठ एक भाग, तुपाचं कडकडीत मोहन, आणि गुळाच्या गरम पाण्यात घट्ट भिजवून तासभर झाकलेलं. हातावर छोटे जाड वडे थापून मंद आचेवर तुपात तळायचे. मोठ्या आचेवर गुळामुळे बाहेरून काळे होतात. मध घालायचा तर तो वाढताना वरून; आयुर्वेदात मध तापवायला मनाई आहे.

खिरीसाठी जव सोडा आणि खपली घ्या, हा माझा आग्रह. खपली हीही फार जुनी, टरफलाच्या गव्हाची जात आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूने ती टिकून राहिली. तिच्यावर तांबेरा या रोगाला सहसा थारा मिळत नाही, आणि तो गुण परदेशातल्या पैदासकारांनीही आपल्या गव्हात आणला. सडीव खपली रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी भरपूर पाण्यात बोटाने सहज दाबेल इतकी शिजवा. दाणा पूर्ण शिजल्यावरच गूळ घाला. लवकर घातलेला गूळ पाणी ओढून घेतो, आणि मग दाणा दिवसभर शिजवला तरी कणी राहतो. सुंठ, वेलदोडा, जायफळ, ओलं खोबरं. दूध पातेल्यात घालू नका. गुळाच्या आंबटपणाने ते फाटतं. वाढताना वाटीत घ्यावं.

जेवण ऐतिहासिक म्हणणार असाल तर आणखी एक पथ्य, आणि कोल्हापुरात ते अवघड आहे. लाल तिखट चालणार नाही. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. बटाटा, टोमॅटो, मका आणि शेंगदाणाही अमेरिकेतलेच, म्हणजे दाण्याचं कूटही गेलं. तिखटपणाला मिरी आणि सुंठ, कुटाला तीळ आणि कारळं. तुमच्या पाहुण्यांत एखादे मामा असतीलच, ते पानावर नजर फिरवून ‘तांबडा रस्सा कुठाय?’ विचारतील. त्यांच्यासाठी पंगतीबाहेर ठेच्याची वाटी ठेवावी. इतिहासापेक्षा मामा महत्त्वाचे.

दोन गोष्टी निक्षून सांगते, कारण हल्ली यांच्या नावावर बराच माल खपतो. खपली ग्लूटेनमुक्त नाही आणि जवही नाही. सिलिॲकचा, म्हणजे ग्लूटेन अजिबात न सोसण्याचा, आजार असलेल्या पाहुण्याला यातलं काहीही वाढू नका. त्याला जोंधळ्याची आंबील द्या, आणि तिचं पीठही घरच्या जात्यावर किंवा मिक्सरवर वेगळं दळलेलं हवं. दुसरं, चरकाने प्रमेहात (मधुमेहासारख्या विकारात) जव सांगितलाय आणि जवातला तंतू साखर सावकाश चढू देतो, हे खरंच आहे. पण बरोबरीचा गूळ घातलेली खीर दोन वाट्या ओरपून ‘खपली शुगरला चालते’ म्हणणाऱ्याला चरकही काही करू शकणार नाही. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

आता चाळीस माणसांचा हिशेब. मिश्र सातू सव्वा किलो पुरे, त्यासाठी सगळं मिळून कच्चं धान्य पावणेदोन किलो धरा. सडण्यात आणि चाळण्यात बरंच जातं. यवागूला एक किलो कण्या, वाडगाभर सगळ्यांना होते. अपूपाला एक किलो पीठ, माणशी दोन लहान. खिरीला दोन किलो सडीव खपली आणि तितकाच गूळ. आपला कोल्हापुरी गूळ घेताना रंगाने फार पिवळाधमक दिसणारा टाळा, गडद आणि मऊ घ्या. सडणं आणि भाजणं पंधरा दिवस आधी उरकून घ्या, दळण चार-पाच दिवस आधी. अपूप आदल्या संध्याकाळी तळले तरी चालतात, दुसऱ्या दिवशी उलट बरे मुरतात. यवागू मात्र पानं मांडल्यावरच चुलीवरून उतरवायची. करंभ पंगत बसत असताना कालवा, आधी नको. दही आंबतं आणि सातू थापला जातो.

उरलेला सातू पावसाळ्यात ठेवू नका. आगोटीच्या आत संपवा. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत पिठात आठवड्यात जाळी धरते. अख्खे भाजलेले जव मात्र कडक उन्हं देऊन घट्ट डब्यात राहतात, लागतील तसे दळावेत.